ताईच्या गुडघ्याचं माप

आमच्या भाऊजींना माणूस लागत नाही, कपडा लागतो. गिऱ्हाईक स्वतः दुकानात आलं, हात पसरून ताठ उभं राहिलं, तर त्यांना त्यात काही मजाच वाटत नाही. "अंगात नीट बसणारा एखादा जुना शर्ट पाठवून द्या, काम झालं म्हणून समजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुना शर्ट टेबलावर पसरायचा, तळहाताने सुरकुत्या काढायच्या, टेप लावायची, खडूच्या दोन-चार खुणा करायच्या आणि कात्री चालवायची. ज्याच्यासाठी शिवलं तो माणूस हसरा की रडका, हे त्यांना जन्मात कळत नाही, पण कॉलर अशी बसते की बघत राहावं.

मी त्यांची मेहुणी. माझी थोरली बहीण त्यांची बायको. दुकानात कापणी भाऊजींकडे, मशीन ताईकडे, काजं-बटणं आणि इस्त्री माझ्याकडे, आणि भांडण आम्हा तिघांकडे. त्यातही माझा वाटा जरा जास्त, म्हणून भाऊजी मला 'वकीलबाई' म्हणतात. म्हणू देत. कुणीतरी तोंड उघडायला हवंच ना घरात! ताई एक तर गप्प बसते, नाहीतर नवऱ्याचं कौतुक करते.

कौतुकाला कारणही तसंच आहे म्हणा. या दोघांचं लग्नच मुळी मापावरून जमलं. ताई तेव्हा तापाने अंथरुणाला खिळली होती. आईने तिचा एक जुना ड्रेस या दुकानात पाठवला आणि त्यावरून नवा शिवून घेतला. ताप उतरल्यावर ताईने तो घातला आणि आरशासमोरून हलेना. खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर, कुठे एक चुणी नाही. "हा कोण शिंपी आहे, बघून तरी येते," म्हणून जी गेली ती गेलीच. आता दोघांचे केस पिकले, पण अजून कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की ताईची टेप सुरू. "यांनी मला न बघताच ओळखलं हो!" भाऊजी मान खाली घालून कापत राहतात. कान मात्र लाल होतात.

दुकान खाली आणि घर वर. मधे एक अरुंद लाकडी जिना. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे, तिथे उजेड चांगला पडतो म्हणून कापणीचं टेबल खिडकीला लावलेलं. ताईचं मशीन मागे, जिन्याच्या पायथ्याशी. म्हणजे भाऊजींची पाठ दिवसभर ताईकडे आणि जिन्याकडे. तिचं मशीन पायाचं. वरच्या फळीवर कापडाच्या ताग्यांमागे एका खोक्यात मशीनला बसवायची मोटर पडून होती, आणल्यापासून तशीच. "मोटरने टाका पळतो, पायाच्या टाक्याला तोड नाही," असं भाऊजींचं मत. टाका भाऊजींना आवडायचा, पाय ताईचे चालायचे.

ताईचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा आधी आम्ही तिघांनी मिळून दुर्लक्ष केलं. तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, शेजारणीने दिलेला पट्टा झाला. मग एक दिवस ती स्टुलावरून उठायला गेली आणि मशीन धरून तशीच उभी राहिली. पुढे पाऊल टाकता येईना. मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण बोलले स्पष्ट. एक्स-रेचा फोटो दिव्याच्या पाटीवर लावून त्यांनी पेनाने दाखवलं. "इथे दोन हाडांच्या मधे फट दिसायला हवी. दिसतेय? नाही ना? गादी झिजली. सांधा बदलावा लागेल."

"बदलावा लागेल म्हणजे? बाही बदलतात तसा?" ताईने विचारलं.

डॉक्टर हसले. "साधारण तसाच. पण फार लांबवू नका. तुम्ही या पायाला सांभाळत राहाल आणि सगळा भार दुसऱ्यावर टाकाल. मग तोही जाईल."

ताई घाबरली होती, पण तयार होती हे मला माहीत आहे. रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "करून टाकते गं एकदाचं. मला धड चालायचंय." एवढंच तिला हवं होतं, की धड चालता यावं. पुढे जे काही झालं ते ऐकताना हे तिचं वाक्य लक्षात ठेवा.

घरी आल्यावर भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. तेव्हा शाळा उघडायचे दिवस जवळ आले होते. गणवेशाचं कापड छताला टेकलं होतं. ऑपरेशन म्हणजे ताई कित्येक आठवडे मशीनवर बसणार नाही, हे सांगायला कुणी पंचांग बघायला नको होतं. भाऊजी बराच वेळ टेपची गुंडाळी करत आणि सोडत बसले. मग म्हणाले, "एकाच डॉक्टरवर कसं विसंबायचं? दुसऱ्या कुणाचं तरी मत घेऊ."

यात काही वावगं नव्हतं. कापायच्या आधी कापड दोनदा मोजावं, हे तर आम्ही रोजच करतो. मी पण मान हलवली. गावात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, गुडघ्यांसाठी लोक लांबून त्यांच्याकडे येत. त्यांची वेळ मिळाली. त्या दिवशी भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, फोटोचं मोठं पाकीट काखेत मारलं आणि एकटेच निघाले.

"अहो, आणि ताई?" मी विचारलं.

"तिला कशाला उगाच चढ-उतार? फोटो आहे ना. फोटोत सगळं दिसतं."

"वा! माणूस नको, कपडा द्या. डॉक्टरकडेही तेच का?"

मी आपली चेष्टेत बोलले. तिघंही हसलो. सगळ्यात जास्त ताई हसली.

भाऊजी परत आले तेव्हा ताई पायरीवर बसून गणवेशाच्या चड्ड्यांची गठडी बांधत होती. तिने नुसतं वर बघितलं. भाऊजी म्हणाले, "घाई नाही म्हणाल्या. व्यायाम करायचा, गोळ्या घ्यायच्या, वजन वाढू द्यायचं नाही. ऑपरेशनची सध्या घाई नाही."

ताईच्या डोळ्यांतून पाणीच आलं. भीती होती ना तिच्या मनात, ती अशी एकदम सुटली. "बघ, बघ," मला म्हणाली, "मी त्या घाईवाल्या डॉक्टरच्या हातात पाय देऊन बसले असते. हे गेले म्हणून बरं झालं." मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. चहा टाकला. भाऊजींनी चहा घेतला तो हातातच धरून बसले, पार निवला तरी.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण गणवेशांच्या ढिगाऱ्यात कुणाला कुणाकडे बघायला फुरसत? मशीन चालू, कात्री चालू, इस्त्री चालू. ताई सकाळी व्यायाम करायची, गोळी घ्यायची आणि मशीनवर बसायची. दिवसभर डाव्या पायाने रेटायची, उजवा नुसता टेकवायची. आवाजावरून कळायचं. पूर्वी तिचं मशीन एका लयीत चालायचं, आता अडखळायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. एकदा एका खिशाचा टाका वाकडा गेला तर भाऊजी पाठमोरेच म्हणाले, "अगं, लक्ष कुठाय?" ताईने खिसा उसवला.

आणि वरून हिचं कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायची, "माझ्यासाठी हे कुठे कुठे हिंडले! स्वतः जाऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन आले. नाहीतर आजकाल कोण करतं हो?" गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, नशीबवान आहेत तुमच्या मिसेस." असं कुणी म्हणालं की भाऊजी उठून जायचे. कधी दोरा शोधायला, कधी पाणी प्यायला. एकदा तर भर दुपारी दुकानाबाहेरची पायरी झाडायला लागले. आख्ख्या हयातीत ज्या माणसाने झाडू हातात धरला नाही तो पायरी झाडतोय! मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

गणवेश गेले. शाळा सुरू झाल्या. दुकानात जमीन दिसायला लागली. आणि मग तो कोट परत आला.

कोट एका वयस्कर गृहस्थांचा होता. त्यांच्या मुलीने त्यांचा जुना कोट मापाला म्हणून आणून दिला होता आणि भाऊजींनी तसाच नवा शिवला होता. जुन्यावर नवा ठेवला तर दोन्ही एक. मुलगी कोट घेऊन आली, आणि या वेळी वडिलांनाही घेऊन आली. गृहस्थ काठी टेकत आत आले. मुलीने त्यांना कोट घातला. अरे देवा! खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, पुढे दोन्ही बाजू एकमेकींवर चढलेल्या. लहान मुलाने वडिलांचा कोट घालावा तसं दिसत होतं, फक्त इथे वडीलच आत होते.

"मास्तर, तुमची चूक नाही," मुलगी घाईघाईने म्हणाली. "कोट बरोबरच आहे. हे आजारात फार खंगले. माझ्याच लक्षात आलं नाही."

"रोज घरात असून?" गृहस्थ हसत म्हणाले. त्यांना राग नव्हता आला. आरशात बघून त्यांनी बाही वर ओढली. "पण माझं काय म्हणणं आहे मास्तर, एकदा मला बोलावलं असतंत तर मी आलो असतो की. एवढा काही मी बिझी नव्हतो."

भाऊजींनी टाचण्या घेतल्या. खांद्यावर लावल्या, पाठीत लावल्या, बाहीला लावल्या. एक स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. मी त्यांना कापताना, शिवताना, भांडताना बघितलंय, पण टाचणी टोचून घेताना कधी बघितलं नव्हतं. ती बाप-लेक गेल्यावर ते कोट मांडीवर घेऊन माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी येऊन बसले. ताई वर गेलेली होती.

"वकीलबाई," म्हणाले, "मी एक फार वाईट काम केलंय."

मग त्यांनी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. ते डॉक्टरीणबाईंसमोर बसले, पाकीट पुढे केलं. बाईंनी फोटो बघितला आणि दाराकडे बघितलं. "पेशंट कुठाय?"

"दुकान सोडून येता येत नाही तिला."

"बरं. जिना चढता-उतरता येतो?"

"येतो की. वर-खाली सारखं चालूच असतं तिचं."

"रात्री दुखतं?"

"नाही."

"काम काय करतात?"

"शिवणकाम."

"मशीन पायाचं?"

"मोटर आहे," भाऊजी म्हणाले.

मोटर होती. फळीवर, खोक्यात.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोटो काही फारसा चांगला नाही. पण तुम्ही सांगताय इतका त्रास कमी असेल तर घाई करायला नको. मात्र हे तुमचं सांगणं झालं. मला त्यांचा गुडघा हातात घेऊन बघायला हवा, त्यांना चालताना बघायला हवं. त्यांना घेऊन या, मग मी माझं मत देईन."

"मग देईन म्हणाल्या," भाऊजींनी पुन्हा सांगितलं. "म्हणजे मत दिलंच नव्हतं त्यांनी. अर्धं वाक्य मी घरी आणलं आणि अर्धं तिथेच टाकलं."

माझ्या हातात इस्त्री होती हे भाऊजींचं नशीब, कारण ती नीट उभी करून ठेवण्यात माझा थोडा वेळ गेला. मग मी जे काही बोलले ते सगळं इथे सांगत नाही. "तुम्हाला माहीत तरी होतं का तिला रात्री दुखतं की नाही? की ठोकून दिलं?"

"माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खरंच माहीत नव्हतं गं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. जिना कसा उतरते विचारलं, तर मला फक्त पावलांचा आवाज आठवला. पण 'माहीत नाही' म्हणालो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, आणा तिला. आणि तिला बघितल्यावर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत होतं. गणवेश डोळ्यांसमोर होते माझ्या." एवढं बोलून त्यांनी कोटात तोंड घातलं.

मी वर जाऊन ताईला तेव्हाच सगळं सांगणार होते. त्यांनी माझा हात धरला. "मी सांगतो. माझं मला सांगू दे."

म्हटलं, ठीक आहे. सांगा.

पण सांगतील तर शपथ! दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं, तर कापणीचं टेबल खिडकीपासून ओढलं आणि फिरवून असं लावलं की तोंड जिन्याकडे होईल. ताई म्हणाली, "अहो, उजेड पाठीमागे गेला की!" तर म्हणे, "उन्हाने डोळे दिपतात." मग फळीवरून खोकं काढलं, धूळ झटकली आणि मोटर बसवली. ताईने चालवून बघितलं तर मशीन तिच्या हातून पळायला लागलं. "मला नको बाई हे भूत," ती वैतागली. "तुम्हीच म्हणायचात ना, पायाच्या टाक्याला तोड नाही?" भाऊजी म्हणाले, "मी काहीही म्हणतो. माझं काय ऐकतेस?"

आणि ते बघायला लागले. कापता कापता मान वर करून बघायचे. ताई जिना उतरते ती तोंड जिन्याकडे करून, उलटी, दोन्ही हातांनी कठडा धरून, लहान मुलं शिडी उतरतात तशी. हे मला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं, पोस्टमनलाही माहीत असेल. भाऊजींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कात्री उघडी धरूनच उभे राहिले. ताई खाली पोचली, वळली, आणि त्यांना बघताना बघून ओशाळली. "असंच बरं पडतं मला," म्हणाली.

मी रोज त्यांना विचारायचे, "सांगितलंत?" ते मान हलवायचे. "आज सांगतो." मग संध्याकाळी कुणीतरी गिऱ्हाईक यायचं, ताई आपली टेप लावायची, "हे स्वतः गेले हो दुसऱ्या डॉक्टरांकडे," आणि भाऊजींच्या तोंडाला कुलूप. एवढं कौतुक ऐकल्यावर माणूस कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांचं जेवण कमी झालं. पॅन्ट सैल होऊन कंबरेत स्वतःच चिमटा घ्यायची वेळ आली. मला दया यायची, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग यायचा, कारण दुखत तर ताईचं होतं.

शेवटी त्यांनी निम्मा मार्ग काढला. ताईला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी तुला एकदा बघायला बोलावलंय."

"आता कशाला? घाई नाही म्हणाल्यात ना त्या?"

"तरी पण."

"उगाच काहीतरी. कुठे एवढं दुखतंय?"

"ताई, ऊठ," मी म्हटलं, "नाहीतर मी तुला उचलून नेईन." माझा आवाज असा काही लागला असावा की ती मुकाट्याने तयार झाली. भाऊजींनी फोटोचं पाकीट घेतलं. मीही गेले. मला या दोघांना एकटं सोडायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, बुटक्या, शांत. त्यांनी ताईला बसवलं, हसल्या, म्हणाल्या, "शेवटी भेट झाली म्हणायची!" ताईला ते कळलं नाही. भाऊजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"जिना चढता-उतरता येतो?" बाईंनी विचारलं.

"येतो की," ताई म्हणाली. "दिवसभर वर-खाली चालूच असतं माझं."

मी तिच्याकडे बघितलं. अगदी तेच उत्तर! तिला कुणी पढवलं नव्हतं. तिचं आपलं होतं ते. तक्रार करायची नाही, कुणाचं काम अडवायचं नाही, आणि नवऱ्याने एकदा घाई नाही म्हटलंय तर आपण घाई आहे असं दाखवायचं नाही.

"रात्री दुखतं?"

"छे, झोप छान लागते."

"दुखतं," भाऊजी म्हणाले.

ताईने वळून बघितलं.

"रात्री दुखतं तिला," भाऊजी डॉक्टरीणबाईंकडे बघत भरभर बोलायला लागले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं अशा घाईने. "कूस बदलताना पाय आधी हाताने उचलते आणि मग वळते. पहाटेकडे उठून बसते आणि गुडघा चोळते. जिना उलटा उतरते. दोन पायऱ्या झाल्या की थांबते. स्टुलावरून उठताना मशीन धरते. मशीन पायाचं होतं, मोटर मी आत्ता बसवली. मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही तिला आणायला सांगितलं होतंत, ते मी तिला सांगितलंच नाही. गणवेशाचं काम होतं. म्हणून."

ताईच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी तिच्या चपलांकडे बघत बसले. उजवी नवीच्या नवी होती आणि डावीची टाच पार झिजलेली.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना काही म्हटलं नाही. ताईला झोपवलं, दोन्ही गुडघे हातात घेऊन वाकवले, दाबले, बाहेरच्या बोळातून चालायला लावलं आणि मागून बघत राहिल्या. "डावा कधीपासून दुखतोय?"

ताईने डावा गुडघा चाचपला. "हल्लीच. गणवेश चालू होते तेव्हापासून."

मग बाईंनी समजावून सांगितलं. उजव्याचं ऑपरेशन करायलाच हवं, पहिल्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं. डाव्यावर भार पडून तोही दुखायला लागलाय. तो वाचवता येतो का ते बघू, व्यायाम करू, पण खात्री देता येणार नाही. भाऊजींनी विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "तेव्हा बघितलं नाही, त्यामुळे नक्की कसं सांगू? पण बरं झालं असतं." त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याला रस्त्यावर उतरायला मोजक्याच पायऱ्या आहेत, एका बाजूला लोखंडी कठडा. मला वाटलं, आता ती गणवेशांचं बोलेल. खोट्याचं बोलेल. निदान 'न बघताच ओळखलं' असं इतकी वर्षं लोकांना सांगत फिरले, याचं तरी बोलेल. तिने बोलावंच, असं मला वाटत होतं, माझी जीभ नुसती शिवशिवत होती.

ताई पायरीच्या वर थांबली आणि म्हणाली, "रात्री तुम्ही जागे असता?"

भाऊजी दोन पायऱ्या खाली उतरले होते. "हो," म्हणाले.

"कधीपासून?"

"कोट परत आला तेव्हापासून."

"तुमची झोप मोडू नये म्हणून मी ओठ दाबून चोळत बसायचे. कण्हायचेसुद्धा नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे?" ताईचा आवाज चिरकला. "बघत पडून राहायचात? उठून एक हात ठेवला असतात माझ्या गुडघ्यावर, तर काय झालं असतं? मला वाटायचं, मी एकटीच जागी आहे."

"लाज वाटायची," भाऊजी म्हणाले. ते रडायला लागले, भर रस्त्यात, एवढा मोठा माणूस, फोटोचं पाकीट छातीशी धरून. लोक बघत होते.

ताई नेहमीसारखी उलटी वळली, तोंड दवाखान्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. एक पाय खाली सोडून पायरी चाचपायला लागली. भाऊजींनी डोळे पुसले, पाकीट माझ्याकडे दिलं आणि तिच्या मागे उभं राहून हात पुढे केला.

ताईने मान वळवून त्या हाताकडे बघितलं. मग कठडा धरला आणि एकेक पायरी करत खाली उतरली.